शिशाच्या आवरणाची जुनी केबल दुरुस्त करताना: आधी ओलावा, मग शिसे

जमिनीखालच्या जुन्या केबलचा जॉइंट दुरुस्तीनंतर सहा-आठ महिन्यांत पुन्हा फुटला, की बहुतेक वेळा दोष शिशाच्या कामाला दिला जातो. फुटलेला जॉइंट काळजीपूर्वक उघडून पाहिला तर वायपिंग, म्हणजे मऊ मिश्रण कापडाने फिरवून केलेली शिशाची झाळ, बऱ्याचदा शाबूत आढळते आणि आतला कागद मात्र ओला असतो. याचा अर्थ पाणी नंतर शिरलेले नसते. दुरुस्तीच्या दिवशीच ते आत होते, आणि उत्तम शिसेकाम करून ते आतच बंद केले गेले. या लेखात कामाचा क्रम सविस्तर दिला आहे, कारण चुका हातातल्या कौशल्यापेक्षा क्रमातच जास्त होतात.

येथे ११ केव्हीची, तीन कोअरची (कागद गुंडाळलेल्या तीन वाहकांची), तेल मुरवलेल्या कागदी पट्ट्यांची, शिशाच्या आवरणाची आणि दुहेरी पोलादी पट्ट्यांचे कवच असलेली केबल गृहीत धरली आहे. दक्षिण मुंबईच्या रस्त्यांखाली अशा केबलवर आजही काम करावे लागते. २२ आणि ३३ केव्हीच्या केबलमध्ये प्रत्येक कोअरवर स्वतंत्र धातूचा पडदा असतो. तेथील कागदाचे काम वेगळे आहे, म्हणून ते या लेखात घेतलेले नाही. हे काम परवानाधारक केबल जॉइंटरने, लेखी परमिट हातात घेऊनच करायचे आहे. शिकाऊ तारतंत्री आणि देखरेख करणारे अभियंते यांना प्रत्येक टप्प्यावर काय पाहायचे हे कळावे, हा लिहिण्याचा हेतू आहे.

## टप्पा १: केबल बंद आहे, आणि हीच ती केबल आहे

ही दोन वेगळी कामे आहेत आणि दोन्ही स्वतंत्रपणे करावी लागतात. दोन्ही टोकांना स्विच उघडून, कुलूप लावून, अर्थ (जमिनीशी जोडणी) जोडून परमिट मिळाले म्हणजे एक केबल बंद झाली. खड्ड्यात आपल्यासमोर दिसते ती तीच आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही. जुन्या शहरात एकाच चरात चार-पाच केबल शेजारी शेजारी असतात आणि नकाशा काढल्यानंतर त्यांच्या जागा कधी बदलल्या, याची नोंद असतेच असे नाही.

एकदा माझ्यासमोर डांबराने काळ्या झालेल्या, सारख्याच जाडीच्या दोन केबल होत्या. नकाशाप्रमाणे भिंतीकडची केबल आमची होती. सिग्नल सोडून ओळख पटवली, तेव्हा आवाज रस्त्याकडच्या केबलवर आला. भिंतीकडच्या केबलमध्ये त्या वेळी ११ केव्ही दाब होता. तेव्हापासून नकाशा हातात असला तरी सिग्नल लावल्याशिवाय मी केबलला करवत लावू दिलेली नाही.

सिग्नलने ओळख पटल्यावरही कापण्यापूर्वी केबलमध्ये खिळा ठोकण्याचे उपकरण, म्हणजे स्पाइकिंग गन, दुरून चालवून ती मृत असल्याचे सिद्ध करावे. त्या वेळी खड्ड्यात कोणीही नसावे.

इशारा: मेगरने (विद्युतरोधन मोजणाऱ्या यंत्राने) तपासलेली केबल काही काळ विद्युतभार धरून ठेवते. प्रत्येक तपासणीनंतर डिसचार्ज रॉडने काही मिनिटे अर्थ करूनच कोअरला हात लावावा.

## टप्पा २: खड्डा, तंबू आणि सामान

खड्डा एवढा मोठा हवा, की जॉइंटर केबलच्या दोन्ही बाजूंनी बसू शकेल आणि केबलच्या खालून त्याचा हात सहज फिरेल. खालून हात फिरला नाही तर वायपिंगची खालची बाजू कच्ची राहते, आणि पाणी नेमके तेथूनच शिरते. केबलच्या पातळीखाली खड्ड्याच्या एका कोपऱ्यात पाणी साठण्यासाठी छोटी खळगी करून त्यात पंपाची नळी सोडावी. समुद्राजवळच्या सखल भागात भरतीच्या वेळी खड्ड्याच्या तळातून पाणी वर येते, म्हणून भरतीची वेळ आधी पाहून कागद उघडा पडण्याचे काम ओहोटीत यावे अशी आखणी करावी.

पाऊस नसला तरी तंबू लावावा. धूळ, वारा आणि रात्रीचे दव या तिन्हींपासून त्याने संरक्षण मिळते. तंबूत भट्टी मात्र ठेवू नये. शिशाची कढई आणि कंपाउंडची (जॉइंटमधली पोकळी भरण्याच्या रोधक मिश्रणाची) किटली बाहेर, वाऱ्याच्या खालच्या दिशेला ठेवावी.

काम सुरू करण्यापूर्वी पुढील सामान स्वच्छ ताडपत्रीवर मांडलेले असावे: शिशाची स्लीव्ह (जॉइंटवर बसणारी नळी), तांब्याच्या कल्हई केलेल्या फेरूल (दोन वाहक जोडणाऱ्या छोट्या नळ्या), तेलात मुरवलेल्या कागदाच्या आणि सुती पट्ट्या, जॉइंटचे तेल आणि भरायचे कंपाउंड, वायपिंगचे मिश्रण, कडक चरबीची कांडी, शिसे खरवडण्याची आकडी, लाकडी मोगरी, वायपिंगचे कापड, चिमटा, कानस, छोटा आरसा, आणि शिशाच्या दोन टोप्या. टोप्यांची आठवण सहसा राहत नाही. काम अर्धवट थांबवावे लागले तर उघडे टोक बंद करायला टोपीच हवी; प्लॅस्टिकची पिशवी आणि चिकटपट्टी यांनी दमट हवेत एक रात्रही निभावत नाही.

इशारा: वितळलेल्या शिशात ओली पळी बुडवली, तर पाण्याची क्षणात वाफ होऊन धातू तोंडावर उडतो. पळी, मिश्रणाची वीट आणि ढवळायची सळई हे सर्व कढईच्या काठावर ठेवून आधी गरम करून घ्यावे. पावसाळ्यात हा नियम दिवसातून दहा वेळा सांगावा लागला तरी सांगावा.

शिसे त्वचेपेक्षा तोंडावाटे अधिक शरीरात जाते. खड्ड्यात चहा, बिडी, तंबाखू काहीही नको, आणि जेवणापूर्वी हात साबणाने व ब्रशने नखांपर्यंत धुवावेत. कढई गरजेपेक्षा जास्त तापवू नये. शिसे लालसर होईपर्यंत तापले की त्याचा धूर मोठ्या प्रमाणात उठू लागतो.

## टप्पा ३: केबल उघडणे

जुनी केबल हलवणे हेच पहिले संकट असते. वर्षानुवर्षे एका जागी पडलेल्या केबलचे शिसे उष्णतेने प्रसरण-आकुंचन पावून, आणि रेल्वेमार्गाजवळ किंवा पुलावर असेल तर हादऱ्यांनीही, दमलेले असते. ते बाहेरून ठीक दिसते आणि वाकवताच बारीक भेगा देते. तीन कोअरच्या अशा केबलचा वळणाचा अर्धव्यास तिच्या बाहेरील व्यासाच्या १५ पटींपेक्षा कमी होऊ देऊ नये, हा नेहमीचा नियम नव्या केबलसाठी आहे; जुनीला त्याहूनही सैल वळण द्यावे आणि उचलताना एका ठिकाणी दोरी न लावता तीन-चार ठिकाणी आधार द्यावा.

उघडण्याचा क्रम बाहेरून आत असा आहे:

१. बाहेरचे डांबरी बारदान जेथे संपवायचे तेथे तारेने बांधून घ्यावे आणि मगच कापावे. आधी कापले की ते सुटत जाते.

२. पोलादी पट्ट्यांनाही बांधतार लावावी, तारेच्या कडेला करवतीने अर्ध्या जाडीपर्यंतच चीर द्यावी आणि पट्टी पक्कडीने मोडून काढावी. करवत पूर्ण खाली गेली तर खालच्या शिशाला जखम होते. ही जखम त्या दिवशी दिसत नाही.

३. शिशावरचा डांबरी कागद हलक्या आचेने सैल करून काढावा आणि शिसे चिंधीने पुसून स्वच्छ करावे.

४. याच क्षणी शिशाची स्लीव्ह केबलच्या एका बाजूवर सरकवून ठेवावी. तिन्ही कोअर जोडून, कागद गुंडाळून झाल्यावर स्लीव्ह जमिनीवरच पडलेली दिसली, असा प्रसंग वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसांवरही आलेला मी पाहिला आहे. मग स्लीव्ह उभी चिरून बसवावी लागते आणि पाणी शिरायला एक लांब सांधा नव्याने तयार होतो.

५. शिसे काढायच्या ठिकाणी सुरीने गोल खूण करावी, पण जाडीच्या अर्ध्याहून खोल जाऊ नये. तेथून टोकापर्यंत जवळजवळ दोन समांतर उभ्या चिरा द्याव्यात, मधली पट्टी पक्कडीने टोकाकडून ओढून काढावी, आणि मग उरलेले शिसे दोन्ही बाजूंना उलगडून गोल खुणेवर मोडावे. सुरी शिशातून आरपार गेली की पहिला बळी कागदाचा जातो.

६. उरलेल्या शिशाची कड लाकडी पाचरीने हळूहळू बाहेर पसरवून तिला घंटेच्या तोंडासारखा आकार द्यावा. धारदार कड कागदात रुतते, आणि विद्युत ताण तिच्याजवळच एकवटतो.

## टप्पा ४: ओलाव्याची चाचणी

सगळे काम ज्यावर उभे आहे तो हा टप्पा. दहा मिनिटांचे हे काम घाईत वगळले जाते किंवा नावापुरते केले जाते.

एका छोट्या भांड्यात जॉइंटचे तेल १३० ते १५० अंश सेल्सियसपर्यंत तापवावे. प्रथम तेलाचीच परीक्षा घ्यावी: कोरड्या, गरम केलेल्या चिमट्याचे टोक त्यात बुडवावे. फेस आला तर तेलातच पाणी आहे आणि ते फेस थांबेपर्यंत तापवावे लागेल. ही पायरी चुकली की पुढचे सर्व निष्कर्ष चुकतात.

मग चिमट्याने कागदाच्या पट्ट्या एकेक काढून तेलात सोडाव्यात. बोटांनी धरू नये. घामाचा अंश लागला तरी कोरडा कागद ओला ठरतो. पट्टी तीन ठिकाणची हवी: शिशाला लागून असलेल्या पट्ट्याच्या कागदाची (तिन्ही कोअरभोवती मिळून गुंडाळलेल्या थराची), कोअरच्या मधल्या थरांतली, आणि वाहकाला अगदी चिकटलेली शेवटची. कोअरांच्या मधल्या भरावाचा तुकडाही टाकून पाहावा, कारण पाणी त्या पोकळीतून फार लांब जाते.

कोरडी पट्टी तेलात शांतपणे बुडते. सुरुवातीला कडेने एखाद-दुसरा मोठा बुडबुडा निघाला तर ती अडकलेली हवा असते आणि लगेच थांबते. ओल्या पट्टीतून मात्र बारीक पांढरा फेस सलग उठत राहतो आणि कान जवळ नेला तर फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज येतो. आवाज आणि फेस दोन्ही पाहावेत. वाऱ्याच्या आवाजात तडतड ऐकू येत नाही, आणि उन्हात बारीक फेस दिसत नाही.

वाहकाजवळची पट्टी कोरडी आणि शिशाजवळची ओली असेल, तर पाणी शिशाच्या भेगेतून आले असून फार आत गेलेले नाही, असा संभव असतो. उलट वाहकाजवळची पट्टी ओली असेल तर पाणी तारांच्या मधल्या फटींतून लांबीच्या दिशेने चालले आहे, आणि ते किती दूर गेले हे फक्त कापूनच कळते. अशा वेळी सुमारे ३० सेंटिमीटर कापून पुन्हा चाचणी घ्यावी, आणि तिन्ही कोअरच्या सर्व पट्ट्या शांत बुडेपर्यंत हे चालू ठेवावे.

येथेच मोह होतो. कापत गेले की मध्ये नवा तुकडा टाकावा लागतो, एका जॉइंटचे दोन होतात, खड्डा वाढवायला रस्ता खोदण्याची परवानगी पुन्हा मागावी लागते, आणि वरून वीज कधी येणार हे विचारणारे फोन चालूच असतात. त्या दडपणाखाली 'थोडीशी ओल आहे, गरम तेल ओतून निघून जाईल' असे म्हटले जाते. गरम तेलाने पृष्ठभागावरची, हातांनी लागलेली ओल निघते. कागदात मुरलेले पाणी निघत नाही. या एका मुद्द्यावर देखरेख करणाऱ्या अभियंत्याने जॉइंटरच्या पाठीशी उभे राहायलाच हवे. कापा म्हणणारा जॉइंटर कामचुकार ठरता कामा नये.

त्याच चिमट्यातली एक पट्टी दुमडून पाहावी. दुमडीवर ती बिस्किटासारखी तुटली तर कागद उष्णतेने म्हातारा झाला आहे आणि तेथे कोअर वाकवणे धोक्याचे आहे. चढाच्या वरच्या टोकाला कागद कोरडाठाक आणि फिकट दिसला, तर त्यातले तेल वर्षानुवर्षे उताराकडे झिरपून गेलेले असते. ही ओल नव्हे, पण रोधन तेवढेच कमकुवत झालेले असते. दोन्ही प्रसंगी चांगला कागद लागेपर्यंत मागे जावे.

तपासणी: पुढे जाण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या तिन्ही कोअरचे मेगर वाचन लिहून घ्यावे. वाचन केबलच्या लांबीनुसार बदलते, म्हणून एका आकड्यावर भरवसा न ठेवता तिन्ही कोअरची एकमेकांशी तुलना करावी. दोन सारखी आणि एक त्यांच्या निम्म्याहून कमी असेल तर दोष अजून पुढे कोठेतरी शिल्लक आहे.

## टप्पा ५: कोअर पसरवणे आणि कागद उतरवणे

पट्ट्याचा कागद शिशाच्या तोंडापासून थोडे अंतर ठेवून बाकीचा काढावा. तो सुरीने कापू नये. जेथे थांबायचे तेथे सुती दोऱ्याचे दोन-चार घट्ट वेढे द्यावेत आणि एकेक थर त्या दोऱ्यावर फाडत यावे. कोअरमधला भराव कापताना सुरीची धार नेहमी कोअरकडून बाहेर ठेवावी.

कोअर वाकवताना दोन्ही हातांच्या तळव्यांनी, लांब वळणात, कागदाला सुरकुती न पडता वाकवावे. जोडायच्या कोअरवर छापलेले १, २, ३ हे अंक जुळवावेत. अंक समोरासमोर येत नसतील तर कोअर एकमेकांवरून ओढून नेण्यापेक्षा केबलचाच किंचित पीळ वापरता येतो का ते पाहावे. आणि अंक जुळले म्हणजे फेज जुळले असे मानू नये. मागच्या कोणी जॉइंटमध्ये अदलाबदल केलेली असू शकते, म्हणून टोकापासून टोकापर्यंत फेजची खात्री वेगळी करावी.

## टप्पा ६: वाहक जोडणे

जुन्या केबलचे वाहक पानाच्या विड्यासारखे त्रिकोणी असतात. फेरूल गोल असते, त्यामुळे वाहकाला आधी पक्कडीने गोलाई द्यावी, तारा सुटू देऊ नयेत, आणि कानसेने शेवट साफ करावा.

तांब्याचे वाहक झाळण्यासाठी ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसे असलेले मिश्रण आणि राळेचा फ्लक्स (मिश्रण धातूला धरावे म्हणून लावायचा लेप) वापरावा. आम्लाचा फ्लक्स कागदाजवळ कधीच नको. शेजारच्या कागदावर सुती पट्टी गुंडाळून तो झाकावा, फेरूलची फट वरच्या बाजूला ठेवावी, खाली ताट धरावे आणि एका पळीने मिश्रण वरून ओतत राहून खाली पडलेले दुसऱ्या पळीने उचलावे. पहिल्या दोन पळ्यांत मिश्रण गोठते. वाहक तापला की ते तारांच्या मधून वाहू लागते आणि फटीतून चकचकीत भरलेले दिसते. त्यानंतर फट आवळून, वरचे मिश्रण पुसून, गार होईपर्यंत हलवू नये. फेरूलवर राहिलेला प्रत्येक काटा आणि थेंब कानसून काढावा, आणि कानसाचा चुरा कागदावर पडू देऊ नये.

वाहक ॲल्युमिनियमचे असतील तर ही रीत चालत नाही. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा थर येतो आणि साधे मिश्रण त्यावर धरत नाही. तेथे मापाची, मधे पडदा असलेली फेरूल आणि योग्य डाय असलेले दाबयंत्र वापरणे अधिक भरवशाचे आहे.

## टप्पा ७: कागदाची पट्टी

फेरूलजवळचा मूळ कागद पायऱ्यापायऱ्यांनी, पुन्हा दोऱ्यावर फाडून उतरवावा. एकदम उभी भिंत ठेवू नये. मग संपूर्ण उघड्या भागावर गरम तेल ओतून तो धुवावा, म्हणजे हाताळताना लागलेली ओल निघून जाते. ओतताना शिशाच्या तोंडाकडून मध्याकडे यावे, जेणेकरून ओल केबलच्या आत ढकलली न जाता बाहेर येते.

पट्ट्या तेलाच्या डब्यातून गरम असतानाच काढाव्यात आणि अर्धी पट्टी अर्ध्यावर येईल अशा, ताण सारखा ठेवून गुंडाळाव्यात. सैल पट्टीखाली पोकळी राहते आणि त्या पोकळीतूनच ठिणग्या सुरू होतात. फेरूलच्या दोन्ही कडांची खोबण भरली नाही तोवर वरचा थर सुरू करू नये. जाडी मूळ कागदापेक्षा कमी होता कामा नये, आणि किती जास्त हवी हे जॉइंटच्या रेखाचित्रात दिलेले असते. तिन्ही कोअर झाल्यावर त्यांच्यामध्ये ठरलेले अंतर ठेवणारा ठोकळा बसवून सर्व सुती पट्टीने बांधावे आणि पुन्हा एकदा गरम तेलाने धुवावे.

या टप्प्यात जॉइंटरच्या कपाळाला पट्टी बांधलेली असावी आणि मदतनिसाने हाताशी कोरडा रुमाल ठेवावा. मे महिन्यात तंबूत घामाच्या धारा लागतात आणि खाली पाहताना नाकाच्या शेंड्यावरून पडणारा एक थेंब आतापर्यंतचे सगळे श्रम वाया घालवू शकतो.

## टप्पा ८: वायपिंग

स्लीव्ह मध्यावर आणून तिची दोन्ही टोके लाकडी मोगरीने, केबल फिरवल्यासारखी सगळीकडून थोडी थोडी ठोकत, केबलच्या शिशावर बसवावीत. एका जागी जोरात ठोकले तर सुरकुती पडते.

आता आकडीने शिसे खरवडावे. स्लीव्हची कड आणि केबल मिळून साधारण ७५ मिलिमीटर भाग लख्ख व्हायला हवा. खरवडलेले शिसे चांदीसारखे चमकते आणि काही मिनिटांत निस्तेज होते, म्हणून खरवडताच त्यावर चरबीची कांडी फिरवून ते झाकावे. ज्या भागावर मिश्रण चढू नये तेथे आधीच डिंकाच्या कागदाची पट्टी किंवा काजळीचे लेप लावावे. खरवडलेल्या भागाला बोट लावले तर पुन्हा खरवडावे.

वायपिंगसाठी ६०-४० मिश्रण का चालत नाही हे समजले, की अर्धे कौशल्य आले. ६०-४० मिश्रण गोठताना जवळजवळ एकदमच गोठते, आकार देण्यास वेळच मिळत नाही. वायपिंगच्या मिश्रणात सुमारे ३० टक्के कथील आणि ७० टक्के शिसे असते. ते २५५ अंशांच्या आसपास गोठू लागते आणि १८३ अंशांना पूर्ण घट्ट होते. या सत्तर अंशांच्या पट्ट्यात ते मऊ लोण्यासारखे असते आणि कापडाने हवे तसे फिरवता येते. केबलचे शुद्ध शिसे मात्र ३२७ अंशांना वितळते. म्हणजे मिश्रण वाहते ठेवायचे आणि खालचे शिसे वितळू द्यायचे नाही, एवढ्याच अंतरात हात चालवायचा असतो.

मिश्रणात जस्त मिसळू देऊ नये. पितळेचा एखादा तुकडा किंवा जस्त चढवलेली सळई कढईत पडली, तरी मिश्रण रवाळ होते आणि कितीही फिरवले तरी गुळगुळीत होत नाही. असे मिश्रण टाकून द्यावे.

कढई तयार आहे का हे वर्तमानपत्राची घडी बुडवून पाहावे. कागद तपकिरी झाला तर तापमान योग्य आहे, पेटला तर जास्त आहे, पांढराच राहिला तर कमी आहे. मग:

१. डाव्या हातात चरबीत भिजवून मुरवलेले, अनेक घड्यांचे जाड कापड केबलखाली धरावे आणि उजव्या हाताने पळीतून मिश्रण बारीक धारेने, एका जागी न थांबता, दोन्ही कडांवर पुढे-मागे ओतावे.

२. सुरुवातीचे मिश्रण कापडात जमा होईल. ते पुन्हा वर नेऊन फासत राहावे. याने शिसे सगळीकडे सारखे तापते आणि त्याला कल्हई चढते. कल्हई न चढलेल्या जागी मिश्रण वर बसते, पण धरत नाही.

३. मिश्रण लोण्यासारखे झाले की पळी ठेवून, दोन्ही हातांनी कापड धरून, खालून वर आणि वरून खाली एका ओघात आकार द्यावा. मधे फुगीर आणि दोन्ही कडांना पातळ, असा लिंबाच्या फोडीसारखा आकार यायला हवा.

४. मिश्रण रवाळ वाटू लागताच हात थांबवावा. त्यानंतर फिरवत राहिल्याने ते सच्छिद्र होते. बाहेरून दिसायला सुंदर आणि आतून चाळणी झालेले वायपिंग बहुधा असेच, जास्त वेळ फिरवल्याने तयार होते.

५. लगेच चरबीची कांडी वरून फिरवून पृष्ठभाग पटकन गार करावा आणि पूर्ण घट्ट होईपर्यंत कोणीही केबलला धक्का लावू नये.

ब्लो लॅम्पने मिश्रणाची कांडी वितळवूनही हेच करता येते. त्यात आच सतत हलती ठेवावी. शिसे वितळण्याआधी त्याचा पृष्ठभाग पाण्यासारखा चकाकतो. ती चकाकी दिसली की आच त्याच क्षणी दूर न्यावी.

तपासणी: वायपिंगची खालची बाजू आरशात पाहावी. वरची बाजू सगळेच पाहतात. कडेला केसाएवढी रेघ, खळगा किंवा निस्तेज रवाळ पट्टा दिसला तर त्यावर ठिगळ न लावता ती कड पुन्हा तापवून, नवे मिश्रण घालून पूर्ण फिरवावी.

## टप्पा ९: कंपाउंड भरणे

स्लीव्हच्या वरच्या बाजूला दोन टोकांना दोन त्रिकोणी चिरा देऊन झडपा उघडाव्यात. एकातून भरायचे आणि दुसऱ्यातून हवा बाहेर येऊ द्यायची. स्लीव्ह हाताला सोसेल इतकी गरम करून, कंपाउंड त्याच्या डब्यावर लिहिलेल्या तापमानाला, हळू आणि सलग ओतावे. कंपाउंडमधून पांढरा धूर निघू लागला तर ते जास्त तापून खराब होत आहे. दुसऱ्या छिद्रातून येणाऱ्या कंपाउंडमधले बुडबुडे थांबेपर्यंत ते वाहू द्यावे.

गार होताना कंपाउंड आकसते. म्हणून दोन-तीन वेळा वरून भर घालावी लागते आणि यासाठी काही तास थांबावे लागते. लगेच झडप बंद केली तर वरच्या भागात पोकळी राहते, कोअर कंपाउंडबाहेर उघडे पडतात आणि दिवस-रात्रीच्या तापमानबदलाने ती पोकळी श्वास घेतल्यासारखी ओली हवा ओढते. पूर्ण भरल्यावर झडपा खाली दाबून, खरवडून, चरबी लावून झाळाव्यात.

## फक्त शिसे फाटले असेल तर

कुदळीने शिसे चिरले आहे आणि केबल फुटलेली नाही, असे अनेकदा असते. तेव्हा चिरेवर थेट ठिगळ लावण्याची घाई होते. चिरेच्या दोन्ही बाजूंना थोडे शिसे उघडून टप्पा ४ मधील चाचणी येथेही घ्यावी. कागद पूर्ण कोरडा असेल तरच उभी चिरलेली स्लीव्ह बसवून, उभा सांधा वरच्या बाजूला ठेवून, वायपिंग करावे आणि आत कंपाउंड भरावे. एकही पट्टी तडतडली तर तो साधा शिसेकामाचा प्रश्न राहिला नाही. केबल कापावीच लागेल.

खराब लांबी बदलताना हल्ली एक्सएलपीईचा, म्हणजे कागदाऐवजी प्लॅस्टिकचे रोधन असलेल्या केबलचा, तुकडा टाकला जातो. अशा मिश्र जॉइंटमध्ये जुन्या केबलचे तेल अडवणारी नळी आणि मुळाशी बसणारी तीन बोटांची टोपी नेमकी बसवणे सर्वांत महत्त्वाचे असते. ओलाव्याची चाचणी तेथेही तशीच आणि तितकीच सक्तीची आहे; उष्णतेने आकसणारी नळी शिशाइतकीच चांगली झाकते, त्यामुळे आतले पाणीही तितकेच चांगले कोंडते.

## टप्पा १०: कवच जोडणे, पेटी, तपासणी आणि बुजवणे

दोन्ही बाजूंच्या पोलादी पट्ट्या आणि शिसे कल्हई केलेल्या तांब्याच्या वेणीने जोडावेत. पट्टी कानसेने चकचकीत करून, कल्हई चढवून मगच क्लॅम्प लावावा. गंजावर आवळलेला क्लॅम्प दोषाच्या वेळी प्रवाह वाहून नेऊ शकत नाही आणि तो प्रवाह मग शिशातून वाट काढतो. त्यानंतर ओतीव लोखंडी पेटी बसवून तिच्यात डांबरी कंपाउंड भरावे. पेटी ओली असेल तर आधी ब्लो लॅम्पने वाळवावी, नाहीतर गरम डांबर उसळते.

पुन्हा मेगर लावून दुरुस्तीपूर्वीच्या वाचनाशी तुलना करावी, टोकापासून टोकापर्यंत फेज तपासावे, आणि उच्चदाब चाचणी आपल्या खात्याने जुन्या केबलसाठी ठरवलेल्या मर्यादेतच घ्यावी. नव्या केबलचा चाचणीदाब जुन्या कागदावर लावला तर चांगले असलेले जॉइंटही फुटतात.

केबलखाली बारीक वाळू नीट ठोकून पेटीला आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या केबलला सारखा आधार द्यावा. पेटी एकटी बसली आणि केबल लोंबकळली तर काही महिन्यांत वायपिंगच्या कडेलाच शिसे तुटते. वर वाळू, मग विटा किंवा लाद्या, मग चाळलेली माती टाकावी. जॉइंटचे अंतर दोन कायम खुणांपासून मोजून, कोणत्या कोअरला कोणता कोअर जोडला, किती लांबी कापली आणि ओलाव्याची चाचणी कोठे कोरडी आली हे सर्व रजिस्टरमध्ये लिहावे. खरवडलेले आणि कापलेले शिसे खड्ड्यात न टाकता पिशवीत भरून, वजन करून, भांडारात जमा करावे.